पाळणाघर भरलंय

"आपा, कुलूप घातलेली खोली भरलेली कशी असेल?"

मर्जिनानं हे विचारलं तेव्हा तिची मानसुद्धा वर झाली नाही. पुढची कॉलर सुईखाली सरकवून तिनं पेडल दाबलं, आणि मला वाटलं, मशीनच्या आवाजात मीच काही भलतं ऐकलं.

"कुठली खोली गं?"

"जिन्याखालची. दारावर हत्ती काढलाय ती. पाळणाघर. माझ्या मयनाला तिथे घ्या म्हणून मी किती महिने मागे लागलेय. एकच उत्तर. पाळणाघर भरलंय, जागा झाली की सांगू." मग ती हसली. "पण आतून कधी रडण्याचा आवाज नाही की काही नाही. इतकी गुणी पोरं कुणाची, तेवढं तरी कळू दे."

शेजारच्या मशीनवरच्या दोघी खुदकन हसल्या. सुपरवायझरनं इकडे पाहिलं तशा सगळ्यांच्या माना पुन्हा खाली गेल्या.

ढाक्याच्या बाहेर आशुलियात कपड्यांचे कारखाने एकाला एक लागून आहेत. परदेशी दुकानांसाठी तिथे शर्ट शिवून घेणाऱ्या एका ऑफिसात मी तेव्हा नोकरीला होते. शिवण तपासायची आणि वाकडी असेल तर माल परत करायचा, हे माझं काम. मी इचलकरंजीची. मागांच्या खडखडाटात वाढले, त्यामुळे आवाजाचं मला काही वाटत नसे, आणि मोठ्यानं बोलायची सवय तर जन्माचीच. तिकडे मोठ्या बहिणीला आपा म्हणतात. आमच्याकडे आप्पा म्हणजे मिशीवाला बाप्या, म्हणून सुरुवातीला कुणी आपा अशी हाक मारली की मी मागे कोण आलं ते बघत असे.

त्या दुपारी मी मुद्दाम जिन्याखाली गेले. हत्ती होता, कुलूपही होतं. खिडकीच्या फटीतून आत पाहिलं तर खोकी छतापर्यंत रचलेली. पाळणाघर खरंच भरलेलं होतं.

डोकं तापलं आणि तशीच मी तोफज्जल साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. हे तिथले कंप्लायन्स मॅनेजर. परदेशी गिऱ्हाइकाचे नियम कारखान्यात पाळले जातात की नाही हे बघायचा त्यांना पगार होता. ते पाळल्यासारखे दिसतात की नाही, एवढंच ते बघत. माणूस मात्र गोड. चहा मागवल्याशिवाय बोलायला सुरुवात करायचे नाहीत.

"बसा शैलादिदी. आमच्या बायकांना तुम्ही ओळखत नाही," ते म्हणाले. "पोरं आणा म्हटलं तरी आणत नाहीत. गावी आजीकडे ठेवतात."

"मर्जिना आणायला तयार आहे."

"कोण मर्जिना?"

"तिसऱ्या लाइनवर कॉलरी शिवते. तिनं तुम्हालाच विचारलंय, कितीदा तरी."

"बघू ना. जागा झाली की पहिली तिचीच मुलगी."

"खोकी हलवली की जागा होईलच."

ते मनापासून हसले आणि माझ्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं. त्या बिस्किटाचा मला इतका राग आला की मी ते तसंच टाकून उठले.

मर्जिनाला एवढी घाई का होती, ते थोड्याच दिवसांत कळलं. एका संध्याकाळी वीज गेली, काम लवकर सुटलं, आणि तिची वस्ती आमच्या वाटेवरच होती म्हणून मी तिला ऑफिसच्या गाडीतून सोडलं. वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची लांबच लांब ओळ, एका खोलीत एक कुटुंब. ओळीचा मालक तोफज्जल साहेबांचा मेहुणा. सगळ्यांना मिळून एक नळ, एका टोकाला संडास आणि दुसऱ्या टोकाला गॅसच्या मोजक्या शेगड्या. शेगडीसाठी बायका भाताची पातेली कमरेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. पहाटेही हीच रांग. दिवसभर बसून शिवायचं, आणि मग उभं राहायचं ते असं.

ओळीच्या मागे शेवाळानं हिरवं झालेलं डबकं. कठडा नाही, कुंपण नाही. मागल्या पावसाळ्यात शेजारणीचा मुलगा त्यात बुडाला. शेजारीण त्या वेळी कारखान्यात बाह्या जोडत होती.

ओळीतली सगळी पोरं सांभाळायची ती जोबेदा नानी. नात्यानं ती तिथे कुणाचीच नव्हती. म्हातारी, एका डोळ्यानं अंधुक दिसायचं, आणि पोरं तर चहूकडे पांगणारी. मर्जिनाच्या मुलीला तिनं ओढणीनं आपल्या कमरेलाच बांधून ठेवलं होतं.

"काय करू?" नानी मला म्हणाली. "ही मयना सगळ्यांत वांड. सोडली की डबक्याकडे."

मयना दीड-दोन वर्षांची होती. नानीच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. मर्जिनानं ओढणीची गाठ सोडली, तिला हलकेच आपल्या मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांतून बोटं फिरवत बसली.

"उठव की," मी म्हटलं. "मला बघू दे तरी."

"नको आपा. आता उठली तर भात मागेल, आणि माझी शेगडीची पाळी यायची आहे." मग आवाज उतरवून म्हणाली, "हिचा बाप चितगावला, जहाजं तोडायच्या कामावर. ईदला येतो. पाळणाघरात घेतलं ना, तर दुपारच्या सुट्टीत मी हिला माझ्या हातानं भरवीन. डबक्याची भीती नाही, काही नाही. तुम्ही बोलाल ना साहेबांशी?"

"बोललेय. पुन्हा बोलेन."

पुन्हा बोलायच्या आधीच तपासणी आली. गिऱ्हाइकाकडून एक बाई कारखाना बघायला यायची होती. ती यायच्या आदल्या दिवशी सगळ्या मजल्यांवर मशीन थांबवली गेली आणि सुपरवायझरनं कर्ण्यावरून बायकांकडून उत्तरं पाठ करून घेतली. शुक्रवारी काय असतं? सुट्टी! पाणी कसं असतं? स्वच्छ! पोरं कुठे असतात? पाळणाघरात! माल पाठवायची घाई म्हणून शुक्रवारची सुट्टी कित्येक आठवडे कुणी पाहिली नव्हती. तरी सगळ्या एका सुरात ओरडत होत्या, शाळेतल्या मुलींसारख्या. मर्जिना ओठ घट्ट मिटून बसली होती.

नेहमीचा दुभाषा टायफॉइडनं आडवा झालेला. कारखान्याचा माणूस त्या बाईंना नको होता, आणि मला तोवर बंगाली बऱ्यापैकी येत होतं, म्हणून आमच्या ऑफिसनं मला पाठवलं. बाईंचं नाव ब्रिता. मनानं चांगली बाई, हे मी आजही म्हणते. तिनं संडासांच्या कड्या लावून पाहिल्या, पिण्याचं पाणी चाखून पाहिलं, जिन्यात अडगळ आहे का ते वाकून बघितलं. नळाजवळ त्या दिवशी साबण होता, नवा कोरा, कुणाचाही हात न लागलेला. वर बायकांना तिनं प्रश्न विचारले आणि मी भाषांतर करत गेले. सगळ्यांचं उत्तर एकच येत होतं. बाई समाधानानं लिहून घेत होती.

मग आम्ही जिन्याखाली आलो.

दार सताड उघडं होतं. खोकी गायब. नव्या चटया, भिंतीवर फुगे, आणि चटयांवर ओळीनं बसवलेली पोरं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे कपडे. मधोमध निळा एप्रन घालून आया उभी. आया म्हणजे जोबेदा नानी. तिच्या कडेवर मयना.

मी नानीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. वस्तीच्या मालकानं सकाळी सांगितलं की पोरांना घेऊन चल, आणि ती निघाली. नाही म्हटलं असतं तर रात्रीच्या आत तिचं बोचकं रस्त्यावर आलं असतं. तिच्यावर मी का रागवू? मी रागावले ते तोफज्जल साहेबांवर. ते बाईंना सांगत होते की हे पाळणाघर म्हणजे आमच्या कारखान्याचा अभिमान आहे.

"आई कामावर आणि मूल चार पावलांवर," ते म्हणाले. बाईंचे डोळे पाणावले.

"मॅडम, हे खोटं आहे," मी इंग्रजीत म्हटलं. "ही खोली कायम बंद असते. हिच्यात खोकी भरलेली असतात. ही पोरं आज उचलून आणलीत. आणि ही आया नाही, पोरं राहतात त्या वस्तीतली म्हातारी आहे."

तोफज्जल साहेबांचं हसू होतं तिथेच राहिलं, चेहऱ्याचा रंग तेवढा उतरला. बाईंनी लिहिणं थांबवलं.

"हा गंभीर आरोप आहे. वर तर सगळ्या जणी सांगतात की पाळणाघर रोज चालू असतं."

"त्यांच्याकडून काल पाठ करून घेतलंय. बाकीची पोरं ज्यांची, त्या शेजारच्या कारखान्यांत आहेत. पण हिची आई इथेच आहे, तिसऱ्या लाइनवर. तिला बोलवा आणि तिलाच विचारा."

बाईंनी सुपरवायझरला पाठवलं. मर्जिना आली ती धावतच, केसांत दोऱ्याचे तुकडे तसेच. दारात येऊन थबकली. उघडी खोली, फुगे, आणि नानीच्या कडेवर पिवळ्या फ्रॉकातली मयना. तिचा चेहरा असा काही खुलला की तो मी जन्मात विसरणार नाही.

"आपा! दिली जागा! तुम्ही करून दाखवलंत!"

तिला तिथेच सगळं समजावून सांगावंसं वाटलं. पण मी दुभाषी होते, तेही वाक्य मी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी विचारलं, "तुमची मुलगी इथे रोज येते का?"

मी तिला विचारलं. मर्जिनानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तोफज्जल साहेबांकडे. ते तिच्याकडे बघून प्रेमानं मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण. तेवढं एक हो म्हटलं असतं तर तिला कदाचित खरंच जागा मिळाली असती. तिलाही ते कळलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "हे दार मी आज पहिल्यांदा उघडं बघतेय. माझी मुलगी दिवसभर डबक्याच्या काठाला असते. आणि माझी एकटीचीच नाही."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बाई तोफज्जल साहेबांकडे वळल्या. त्या माणसानं एक लांब उसासा टाकला.

"मॅडम, फार दुःखाची गोष्ट आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "या बाईचं मूल गेल्या पावसाळ्यात बुडून गेलं. तेव्हापासून कुठलंही लेकरू दिसलं की तिला आपलंच वाटतं. दुसऱ्यांनी कामावरून काढली असती. आम्ही माणुसकीनं ठेवलंय. दिदी परदेशी आहेत, त्यांना हे ठाऊक नाही."

शेजारणीचं गेलेलं पोर त्यांनी उचललं आणि मर्जिनाच्या पदरात टाकलं, इतक्या सहज. मी त्यांच्या तोंडावर, मोठ्यानं, ते सगळं मर्जिनाला बंगालीत सांगितलं. दुभाष्यानं काही गाळायचं नसतं.

"माझी मयना मेली म्हणाला?" तिनं मला विचारलं. मग त्यांना. "ही समोर कोण आहे मग? सर, ही कोण आहे?"

बाई गोंधळून गेल्या. एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मोठी माणसं काहीही सांगतात. लहान मूल खोटं बोलत नाही. मुलीला खाली ठेवा."

मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! संपला या माणसाचा खेळ, म्हटलं. बाई अगदी सरळ विचार करत होत्या, आणि पोर आईकडे धावणार यात शंका कसली?

नानीनं मयनाला चटईवर उभं केलं. मर्जिना गुडघ्यांवर बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

"मयना, ये गं. ये, सोना."

मयनानं तिच्याकडे पाहिलं. बाजारात कुणी परकी बाई गालाला हात लावायला आली की मुलं बघतात, तसं पाहिलं. मर्जिना गुडघ्यांवरच थोडी पुढे सरकली. तशी पोरीनं भोकाड पसरलं, गर्रकन वळली आणि नानीच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून ओरडली.

"मा!"

या शब्दाचा अर्थ माझ्याकडे कुणी विचारला नाही.

"अगं, मी नानी," म्हातारी रडकुंडीला आली. "मी कुठली मा? ती बघ तुझी मा. जा तिच्याकडे, जा!" ती पोरीची बोटं एप्रनवरून सोडवायला लागली. एक सोडवलं की दुसरं घट्ट बसत होतं. मालक, खोली, सगळं विसरून म्हातारी खरं बोलत होती. मी ते भराभर इंग्रजीत सांगत होते. पण बाईंना दिसत होतं ते एवढंच, की रडणाऱ्या लेकराला बळजबरीनं परक्या बाईकडे ढकलतायत.

"पुरे!" त्या म्हणाल्या. "मुलीला छळू नका."

"मॅडम, ही पहाटे निघते तेव्हा पोर झोपलेली असते, परत येते तेव्हाही झोपलेली असते. शुक्रवारीसुद्धा हिला सोडत नाहीत. तुमचेच शर्ट शिवायचे आहेत म्हणून! पोरीनं हिला ओळखायचं कधी?"

बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकून टाकला.

"तुम्हाला हिचं वाईट वाटतंय, मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिणार. इथली मुलं आयाला आई म्हणून हाक मारतात. याहून चांगलं पाळणाघर मी कुठे पाहिलेलं नाही."

मर्जिना अजून गुडघ्यांवरच होती. पसरलेले हात खाली आले होते, तळवे मात्र तसेच वर.

बाईंनी म्हटलं तसंच लिहिलं. पुढे ते पाळणाघर दुसऱ्या कारखान्यांना नमुना म्हणून दाखवायला लागले, आणि मला पुन्हा कुठल्या तपासणीला कुणी नेलं नाही. इतकी वर्षं झाली तरी हे आठवलं की माझं डोकं फिरतं. पोरीला आईपासून तोडायचं, आणि मग पोर आईला ओळखत नाही हेच दाखवून सुटायचं. वर त्याबद्दल शाबासकी!

त्या दुपारी बाई जेवायला वर गेल्या तसं पाळणाघर उठलं. दोन माणसं आली, त्यांनी फुगे उतरवले, चटया गुंडाळल्या. मग पोरांच्या अंगातले पिवळे कपडेही काढून घेतले, एकेकाचे हात वर करून. पुढच्या तपासणीला लागतील ना! तोफज्जल साहेब दारात उभे होते.

"तुझी आहे ना?" ते मर्जिनाला म्हणाले. "मग घेऊन जा. उद्यापासून घरीच बस हिला घेऊन."

मी त्यांना जे बोलले ते इचलकरंजीच्या मराठीत बोलले. शब्द त्यांना कळले नसतील, पण ते दोन पावलं मागे सरले.

मर्जिनानं मयनाला उचललं आणि ती फाटकाबाहेर पडली. मी तिच्याबरोबर निघाले. मागून नानी बाकीच्या उघड्याबंब पोरांना हाताला धरून येत होती. भर दुपार होती, रस्त्यावर सायकलरिक्षा, भाजीच्या गाड्या, माणसंच माणसं. मयना आईच्या कडेवरून मागे वाकून किंचाळत होती, लाथा झाडत होती, नानीकडे दोन्ही हात पसरून मा, मा करत होती. मर्जिनाच्या गालावर तिच्या नखांचे ओरखडे उठले होते.

चहाच्या टपरीवरून एक दाढीवाला माणूस उठला आणि आडवा येऊन उभा राहिला.

"ए बाई, थांब. कुणाचं लेकरू घेऊन चाललीस?"

"माझं."

"तुझं?" त्यानं मागे बोट दाखवलं. "ते तर त्या म्हातारीला आई म्हणून हाका मारतंय."

टपरीवरची बाकीची माणसंही उठून जवळ आली. मी बोलायला तोंड उघडलं, पण मर्जिनानं माझा हात दाबला. मयनाला तिनं दुसऱ्या कडेवर घेतलं, तिचं डोकं आपल्या मानेशी धरलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"मलाच मारतेय हाका. तिला अजून माहीत नाही, एवढंच."